सहा आठवडे मागून घ्या

पत्राचा सारांश: पत्रलेखिका २८ वर्षांच्या आहेत. पुण्यातल्या एका संस्थेत रेण्वीय विषाणुशास्त्रात पीएचडीचं चौथं वर्ष चालू आहे. एका वनस्पतीतून मिळणारं पॉलिफेनॉल डेंग्यू-२ विषाणूची वाढ रोखतं, हा त्यांच्या प्रबंधाचा गाभा. पहिल्या दोन वर्षांत २० मायक्रोमोलर मात्रेला विषाणू नव्वद टक्क्यांहून जास्त घटत होता. गेल्या सहा महिन्यांत नव्या ज्युनिअरला आणि स्वतः त्यांनाही तो जेमतेम निम्मा घटलेला दिसतो. गाईड म्हणतात, ‘पहिला डेटा उत्तम आहे, तोच लिहून पाठवू.’ दरम्यान एका लस कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल विभागातून नोकरीचा प्रस्ताव आला आहे आणि सहा आठवड्यांत उत्तर द्यायचं आहे. घरी कराडला लग्नाची बोलणी सुरू आहेत. त्या विचारतात: ‘माझं आधीचं काम खोटं होतं का? मी या क्षेत्राची नाहीच का? चार वर्षं वाया जाऊ द्यायची नसतील तर पेपर पाठवून द्यावा, की सगळं सोडून नोकरी धरावी?’

तुमच्या पत्रात प्रश्न तीन असले तरी त्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे: निकाल पुन्हा आला नाही म्हणजे आधीचा निकाल खोटा, आणि तो खोटा म्हणजे मी खोटी. या साखळीतल्या दोन्ही कड्या कच्च्या आहेत. तुमच्या हातात आज दोन वेगवेगळी निरीक्षणं आहेत. ती वेगळी का आली, हे अजून कुणी तपासलेलं नाही. ते तपासायला सहा आठवडे पुरतात, आणि योगायोगाने तेवढेच तुमच्याकडे आहेत. त्या आधी पेपर, नोकरी, स्वतःची लायकी यांतलं काहीही ठरवू नका.

पत्राच्या शेवटी तुम्ही एक ओळ सहज लिहून गेला आहात: ‘सुरुवातीला मी ए५४९ सेल्स वापरायचे, नंतर लॅबमधलं सगळं काम व्हेरोवर गेलं.’ ही ओळ पत्राच्या पहिल्या परिच्छेदात यायला हवी होती. व्हेरो पेशी आफ्रिकन ग्रीन माकडाच्या मूत्रपिंडापासून १९६२ साली जपानमध्ये तयार झाल्या. त्यांच्यात टाईप-१ इंटरफेरॉनची, म्हणजे विषाणू शिरल्याचा इशारा देणाऱ्या प्रथिनांची, जनुकंच उरलेली नाहीत. म्हणून तर त्यांच्यात इतके विषाणू बिनबोभाट वाढतात. ए५४९ या माणसाच्या फुप्फुसातल्या पेशी, त्यांचं इंटरफेरॉन शाबूत आहे. तुमचं संयुग विषाणूला थेट न अडवता पेशीची स्वतःची प्रतिकारयंत्रणा जागी करत असेल, तर ते ए५४९मध्ये चालेल आणि व्हेरोमध्ये चालणार नाही. मग तुमचे दोन्ही निकाल खरे ठरतील. याची परीक्षा सोपी आहे. दोन्ही पेशी एकाच दिवशी, एकाच विषाणू स्टॉकने संसर्गित करा. ए५४९च्या एका संचात रुक्सोलिटिनिब घाला. ते इंटरफेरॉनचा संदेश पेशीच्या आत पोचू देत नाही. ते घातल्यावर संयुगाचा परिणाम नाहीसा झाला, तर तुमच्या प्रबंधाचा विषय आधीपेक्षा मोठा झाला असं समजा.

पण ही सुखद शक्यता आहे, आणि सुखद शक्यतेच्या मागे धावण्याआधी घरातली झाडलोट करावी लागते. सर्वांत आधी मायकोप्लाझ्मा. हे जिवाणू इतके बारीक असतात की ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून आरपार जातात. त्यांना पेशीभित्तिका नसल्यामुळे पेनिसिलीन त्यांचं काही बिघडवत नाही. पेशी ज्या पोषक द्रवात वाढतात ते माध्यम गढूळ होत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी ठीकठाक दिसतात, फक्त त्यांचा चयापचय आणि इंटरफेरॉनचा प्रतिसाद बदललेला असतो. दोन आठवडे अँटिबायोटिकशिवाय वाढवलेल्या, जवळजवळ भरलेल्या फ्लास्कमधलं दोन-तीन दिवसांचं माध्यम घेऊन पीसीआर करा. अर्ध्या दिवसाचं काम आहे. दोन आठवडे थांबणं जमत नसेल तर आज आहे त्या माध्यमावर एक चाचणी करा आणि दोन आठवड्यांनी दुसरी. पेशींबरोबर विषाणूचा स्टॉकही तपासा, हे बहुतेक जण विसरतात. दूषित पेशींत वाढवलेला स्टॉक प्रत्येक नव्या फ्लास्कला तीच लागण देत राहतो. चाचणी पॉझिटिव्ह आली तर औषध देऊन पेशी ‘बऱ्या’ करायच्या भानगडीत पडू नका. ऑटोक्लेव्ह करून टाका आणि द्रव नायट्रोजनमधली सर्वांत कमी पॅसेजची (कमीत कमी वेळा नव्या फ्लास्कमध्ये हलवलेल्या पेशींची) व्हायल काढा. नव्याने काढलेल्या पेशी प्रयोगाजोग्या व्हायला आठ-दहा दिवस लागतात, तेवढे धरून चाला. आणि हो, आज तुम्ही वापरता त्या पेशींचा पॅसेज नंबर किती, हे वही न उघडता सांगता येतं का? येत नसेल, तर तिथूनच सुरुवात आहे.

आता संयुगाची ट्यूब. फ्रीजरमधून ती काढा आणि पांढऱ्या कागदासमोर धरा. पॉलिफेनॉलचा ताजा साठा फिकट पिवळा असेल आणि हा चहासारखा तपकिरी दिसत असेल, तर त्याचं ऑक्सिडीकरण झालेलं आहे. संयुग ज्यात विरघळवता ते डीएमएसओ हवेतली ओल ओढून घेतं. ट्यूब दर वेळी उघडली, वितळली, पुन्हा गोठवली की साठा थोडा पातळ होतो, थोडा बिघडतो. नवी पूड मागवा, १० मिलिमोलर साठा करा, २०-२० मायक्रोलिटरच्या ट्यूब भरून उणे ८०ला ठेवा, एक ट्यूब एकदाच वापरा. जुना आणि नवा साठा शेजारच्या रसायनशास्त्र विभागातून एचपीएलसीवर (शुद्धता मोजणाऱ्या यंत्रावर) तपासून घ्या. १० मिलिमोलरपासून २० मायक्रोमोलर करायला तुम्ही पाचशे पट पातळ करता, म्हणजे माध्यमात डीएमएसओ ०.२ टक्के येतं. तुलनेच्या वेलमध्येही (प्लेटमधल्या खळग्यातही) नेमकं तितकंच हवं. ‘फक्त माध्यम’ ही तुलना चालणार नाही.

पॉलिफेनॉलबाबत अजून तीन सापळे आहेत. ते जरा सविस्तर सांगणं भाग आहे, कारण वनस्पतिजन्य संयुगांवर काम करणाऱ्या कितीतरी विद्यार्थ्यांचे प्रबंध यांतच अडकतात.

पहिला सापळा विषारीपणाच्या चाचणीतला. ‘एमटीटी केली, संयुग १०० मायक्रोमोलरपर्यंत सुरक्षित आहे,’ असं तुम्ही लिहिलं आहे. एमटीटीत जिवंत पेशी पिवळ्या रंगाचं जांभळ्यात रूपांतर करतात आणि आपण जांभळेपणा मोजतो. पण पॉलिफेनॉल हे रूपांतर पेशींशिवाय, नुसत्या माध्यमातसुद्धा करू शकतं. म्हणजे पेशी मेलेल्या असल्या तरी वेल जांभळी दिसते. एका रांगेत पेशी न घालता माध्यम, संयुग आणि एमटीटी एवढंच घालून बघा. तिथे रंग आला तर जुने आकडे बाजूला ठेवा आणि पेशींतली ऊर्जा, म्हणजे एटीपी, मोजणारी चाचणी करा, किंवा मेलेल्या पेशींना रंगवणारं ट्रिपॅन ब्लू घालून सरळ पेशी मोजा. चाचणीचा कालावधी संसर्गाइतकाच ठेवा. संसर्ग ७२ तासांचा आणि विषारीपणा २४ तासांचा, ही तुलनाच नव्हे. दमलेल्या पेशीत विषाणू कमी वाढतो, आणि आपण त्याला औषधाचा गुण समजून बसतो.

दुसरा सापळा माध्यमाच्या बाटलीत आहे. अनेक पॉलिफेनॉलं डीएमईएम या पेशींच्या माध्यमात विरघळली की आपोआप ऑक्सिडाईज होऊन हायड्रोजन पेरॉक्साईड तयार करतात. तो पेरॉक्साईड पेशींवर आणि विषाणूवर परिणाम करतो आणि श्रेय संयुगाला जातं. सोडियम पायरुव्हेट हा पेरॉक्साईड खाऊन टाकतं. डीएमईएम पायरुव्हेट असलेलं मिळतं तसंच नसलेलंही. दोन वर्षांपूर्वीच्या आणि आताच्या बाटलीचा कॅटलॉग नंबर खरेदीच्या नोंदींतून काढा. मधेच कुणी पायरुव्हेटवालं माध्यम मागवलं असेल, तर तुमचा परिणाम ‘गायब’ होण्याचं कारण तेही असू शकतं. पडताळा घ्यायला पायरुव्हेट नसलेल्या माध्यमात पेरॉक्साईड फोडणारं कॅटालेज हे विकर घालून एक संच लावा. परिणाम नाहीसा झाला तर तो पेरॉक्साईडचा होता.

तिसरा सापळा मोजणीतला. संसर्गानंतर तुम्ही वरचं माध्यम काढता आणि त्याची प्लाक चाचणी करता, म्हणजे विषाणूने मारलेल्या पेशींचे ठिपके (प्लाक) मोजता. त्या माध्यमात संयुग अजून आहेच. दहा पट पातळ केलेल्या पहिल्या वेलमध्ये २ मायक्रोमोलर संयुग प्लाक प्लेटवरच्या पेशींनाही मिळतं, आणि तिथे प्लाक कमी दिसले तर आपण समजतो की मूळ फ्लास्कमध्ये विषाणू कमी होता. म्हणून एक तुलना हवीच: संयुगाशिवाय वाढवलेल्या विषाणूत, मोजणीच्या अगदी आधी, २० मायक्रोमोलर संयुग मिसळा आणि मोजा. आकडा घटला तर परिणाम मोजणीचा आहे. त्याच जोडीने विषाणू आणि संयुग एक तास ३७ अंशांना एकत्र ठेवून, मग शंभर पट पातळ करून मोजा. पॉलिफेनॉलं विषाणूच्या कणांना बाहेरच चिकटून त्यांचे गठ्ठे करतात. तसं असेल तर ‘पेशीच्या आत वाढ रोखतं’ हे तुमचं वाक्य टिकणार नाही.

हे झाल्यावरच संयुग कधी घालता याचा प्रयोग: संसर्गाच्या दोन तास आधी घालून धुवून टाकलेलं, विषाणूबरोबर घातलेलं, आणि दोन तासांनंतर घातलेलं. पेशीच्या आतल्या परिणामाचा दावा तिसऱ्या गटावर उभा राहतो.

प्लाक मोजण्याबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण ‘निम्मा घटला’ हा तुमचा आकडा तिथून येतो. क्रिस्टल व्हायोलेटने रंगवलेली प्लेट उजेडासमोर धरली की जांभळ्या थरात गोल, रंगहीन ठिपके दिसतात. डेंग्यूचे प्लाक लहान आणि कडेला धूसर असतात. थर विरळ असेल किंवा कडेने सुटला असेल तर मोजणाऱ्याच्या मनाप्रमाणे दहा-वीस इकडेतिकडे होतात. समजा दहा हजार पट पातळ केलेल्या वेलमध्ये ०.२ मिली घातलं आणि ४२ प्लाक आले: ४२ भागिले ०.२, गुणिले दहा हजार, म्हणजे मिलिलिटरला २१ लाख. पण ४२ या मोजणीतच केवळ योगायोगाने सहा-साडेसहाचा फरक पडतो. पातळ करताना पिपेटची टोकं बदलली नाहीत, विषाणू शोषला जाताना प्लेट दर १५ मिनिटांनी हलवली नाही, तर फरक आणखी वाढतो. एकूण दुप्पट-अडीचपट फरक या चाचणीत नेहमीचा आहे. याचा अर्थ असा, की आताची ‘निम्मी घट’ बहुधा शून्य परिणामापासून वेगळी काढता येणार नाही. उलट दहापट घट रोज-रोज आली असेल तर ती निव्वळ मोजणीची चूक असणं अवघड आहे. पहिल्या दोन वर्षांत काहीतरी खरंच घडत होतं. काय, ते शोधायचं आहे.

त्यासाठी दोन शिस्ती पाळा. एकाच प्लेटवरच्या तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. तीन वेगळे दिवस, वेगळ्या दिवशी पेरलेल्या पेशी, दर वेळी ताजी पातळ केलेली द्रावणं, तेव्हा कुठे तीन. आणि ट्यूबवर ‘संयुग’ किंवा ‘कंट्रोल’ लिहू नका. ज्युनिअरला सांकेतिक क्रमांक घालायला सांगा, प्लाक मोजून झाल्यावरच यादी उघडा. ज्युनिअरवर अविश्वास म्हणून हे करायचं नाही. निकाल तुम्हा दोघींचा असावा म्हणून करायचं.

संसर्गाचं प्रमाणही लिहून ठेवा. दर पेशीमागे सरासरी एक कण दिला, तरी ३७ टक्के पेशी कोऱ्या राहतात. तीन दिले तर सुमारे ५ टक्के. जुना स्टॉक गोठवून-वितळवून निम्म्यावर आला असेल आणि तुम्ही त्याच मायक्रोलिटरने घालत असाल, तर दोन काळांतले प्रयोग एकाच जातीचे नाहीत. नवा स्टॉक सी६/३६ डासपेशींत २८ अंशांना आठवडाभर वाढवा. (या पेशींचा मूळ वंश १९६७ साली पुण्यातच, आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत के. आर. पी. सिंग यांनी तयार केला. १९७८ मध्ये इगाराशी यांनी त्यातून सी६/३६ वेगळ्या काढल्या आणि डेंग्यूवर काम करणाऱ्या जगभरच्या लॅबमध्ये त्या पोचल्या. तुमच्या इनक्युबेटरमधल्या त्या फ्लास्कचं माहेर पुणे आहे.)

आता सरांचा प्रश्न. ‘पहिला डेटा उत्तम आहे’ या वाक्यामागे वाईट हेतू असेलच असं नाही. गाईडला प्रकल्पाचा अहवाल द्यायचा असतो, पुढचं अनुदान मागायचं असतं, आणि रोजच्या प्लेट त्यांच्या डोळ्यांसमोर नसतात. पण आज तुम्हाला माहीत आहे की निकाल पुन्हा येत नाही. हे माहीत असताना फक्त चांगले प्रयोग निवडून पाठवणं म्हणजे वाचणाऱ्याला फसवणं, आणि त्या पेपरवर पहिलं नाव तुमचं असेल. याबाबतीत ‘दोन्ही बाजू’ नाहीत. पाठवू नका.

नकार मात्र ‘सर, हे चूक आहे’ अशा शब्दांत देऊ नका. एक पान घेऊन जा. डावीकडे जुने प्रयोग, उजवीकडे नवे: तारीख, पेशी, पॅसेज, माध्यमाचा कॅटलॉग नंबर, संयुगाचा साठा, विषाणूचा स्टॉक, आकडा. खाली सहा आठवड्यांचं वेळापत्रक. आणि म्हणा, ‘सर, ए५४९ आणि व्हेरोमधला फरक एखाद्या परीक्षकाने विचारला तर आपल्याकडे उत्तर नाही. ते उत्तर मला या तारखेपर्यंत देता येईल.’ कोणताही गाईड परीक्षकाच्या प्रश्नाला गंभीरपणे घेतो. तरीही आग्रह राहिला, तर युजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार दर सत्रात एकदा तुम्हाला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायचीच असते. तिथे जुने-नवे दोन्ही निकाल शांतपणे दाखवा, आणि इतिवृत्तात नोंद होईल असं बघा. वहीची पानं आजच स्कॅन करून ठेवा.

नियमांचाच आणखी एक दिलासा आहे. त्याच २०२२च्या नियमांत प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापलेलाच असावा ही देशपातळीवरची सक्ती राहिलेली नाही. काही विद्यापीठांनी आणि संस्थांनी ती स्वतःपुरती ठेवली आहे, तेव्हा तुमच्या नोंदणीचे नियम काढून वाचा. कमाल मुदत सहा वर्षं, पुनर्नोंदणीने आणखी दोन, आणि महिलांना त्यावर दोन वर्षांची सवलत. म्हणजे दार बंद होत नाहीये. पैशाची बाजू मात्र कडक आहे. नेटची फेलोशिप एकूण पाच वर्षांची: दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये, पुढची तीन ४२,००० रुपये, घरभाडं वेगळं. तुमचं साधारण सव्वा वर्ष उरलं असणार. एकदा सोडलेली फेलोशिप पुन्हा सुरू होईल असं गृहीत धरू नका.

सहा आठवड्यांनी तीनपैकी एक चित्र समोर असेल. ताज्या संयुगाने परिणाम परत आला: मग पेपर होईलच, आणि साठा कसा बिघडतो हेही त्यात लिहा. परिणाम फक्त ए५४९मध्ये दिसला: मग तुमचा प्रश्न बदलला आणि त्याला सहा-आठ महिने द्यावे लागतील, पण ते देण्याजोगे आहेत. परिणाम पेरॉक्साईडचा किंवा मोजणीचा निघाला: त्या दिवशी वाईट वाटेल, नक्की वाटेल. तरी प्रबंध उभा राहतो. ‘हे संयुग या कारणाने भ्रम निर्माण करतं’ हे सगळ्या तुलनांसह दाखवलेलं प्रकरण परीक्षक मान्य करतात, आणि त्याच कुळातल्या संयुगांवर काम करणाऱ्या दहा लॅबची वर्षं वाचतात.

राहिली नोकरी. क्वालिटी कंट्रोल म्हणजे संशोधनातून उतरणं, ही तुमच्या पत्रातली आणखी एक समजूत. गोवराच्या लसीच्या प्रत्येक डोसमध्ये किमान १,००० सीसीआयडी५० (निम्म्या पेशीसंचांना लागण करणारी मात्रा हे एकक) इतका जिवंत विषाणू हवा. तो आहे की नाही हे ठरवणारी चाचणी पेशींवरच होते. तिथे दर वेळी प्रमाण नमुना सोबत चालवतात, आणि तो ठरलेल्या हद्दीत आला नाही तर त्या दिवसाचे सगळे निकाल रद्द. तुमच्या लॅबमध्ये आज नेमकी हीच सवय कमी पडते आहे. ते काम आवडेल असं वाटत असेल तर जरूर जा. पण नापास झाल्याच्या भावनेतून जाऊ नका. कारण लस कंपन्यांत संशोधन विभागाकडे वळताना पीएचडीची विचारणा होते, आणि चौथ्या वर्षी ती अर्धवट सोडलेली असली की प्रत्येक मुलाखतीत खुलासा करावा लागतो.

कंपनीला चार गोष्टी लेखी विचारा. रुजू होण्याची तारीख तीन ते सहा महिने पुढे जाईल का? बाँड आहे का, किती काळाचा? प्रबंध लिहायला किंवा अर्धवेळ पीएचडीला ना-हरकत प्रमाणपत्र मिळेल का? काम चाचणीच्या टेबलावर असेल की फक्त कागदपत्रांवर? पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं तर तुमची निवड ‘एकतर हे, नाहीतर ते’ अशी उरतच नाही.

घरच्यांना या सगळ्यातलं काय सांगायचं? तारीख सांगा. ‘बघू’ म्हटलं की कराडहून रोज फोन येणार, ‘अमुक तारखेला ठरवणार आहे’ म्हटलं की दोन फोन कमी येतील. आणि बोलणी चाललेल्या मुलाकडच्यांना हे आत्ताच कळू द्या, की दिवाळीतसुद्धा पाचव्या दिवसाची प्लेट पाचव्या दिवशीच रंगवावी लागते.

सोमवारी सकाळी मायकोप्लाझ्माची पहिली चाचणी लावा, दुपारी नव्या पुडीची ऑर्डर द्या आणि खरेदी विभागातून डीएमईएमच्या दोन वर्षांच्या पावत्या मागून घ्या. सरांकडे न्यायचं पान त्या पावत्या हातात आल्यावरच भरा.